माशीविना नेम



डोळ्यांच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की तो मोतीबिंदू, मधुमेह आणि मुलांचा मोबाइल यांच्यापलीकडे जाणार नाही, अशी श्रोत्यांची रास्त समजूत असते. यंदा मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांचा फोन आला, ‘डॉक्टर, लिहिताना काही गफलत तर नाही ना झाली?’ नव्हती झाली. पिस्तुलाचा नेम, तोही नळीवरच्या माशीकडे न बघता, यावरच आज बोलायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर सकाळी विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी एनसीसीच्या पोरांना पालथं झोपवून रायफलीचा नेम धरायला लावत. त्यांना हा विषय वावडा वाटला नसता.

या विषयात मला ओढलं ते माझ्या रुग्णांनी. पोलीस खात्यातली आणि नेमबाजी खेळणारी मंडळी माझ्याकडे येतात. पंचेचाळिशी उलटली की त्यांची तक्रार ठरलेली असते. पेपर चष्म्यानं वाचता येतो, लांबचं निशाण चष्म्याशिवाय दिसतं, पण मधली माशी फुटते. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. खात्यात त्याला फोरसाइट म्हणतात, आणि मागच्या खाचेला बॅकसाइट. खाचेच्या मधोमध माशी, माशीच्या वर निशाण, अशी तिघांची रांग लावायची आणि चाप हलकेच दाबायचा, हा शिकवण्यातला पहिला धडा.

या धड्यात डोळ्याची पंचाईत आहे. खाच अर्ध्या मीटरवर, माशी त्याच्या पुढे वीतभर, आणि निशाण दहा किंवा पंचवीस मीटरवर. आपल्या डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बसतं. तिन्ही एकदम स्वच्छ दिसणं शक्य नाही, तरुणालाही नाही. म्हणून प्रशिक्षक सांगतात, माशी स्वच्छ बघा, निशाण धूसर झालं तर होऊ द्या. हा सल्ला शास्त्राला धरून आहे. निशाण जरा पुसट दिसलं म्हणून गोळी फारशी भरकटत नाही, पण माशी खाचेत एक मिलिमीटर डावीउजवीकडे गेली तर नळीची दिशाच बदलते. पिस्तुलावर खाच आणि माशी यांच्यात साधारण पंधरा सेंटिमीटर अंतर असतं. तेवढ्यात एक मिलिमीटर चुकलं की तीन मीटरवर गोळी 2 सेंटिमीटर सरकते, आणि पंचवीस मीटरवर जवळजवळ 17.

आता द्रोणाचार्यांची परीक्षा आठवा. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो, असं सांगून अर्जुन पहिला आला. आजच्या पिस्तूल प्रशिक्षकानं त्याला नापास केलं असतं. ‘पक्षी धूसर दिसतोय आणि बाणाचं टोक स्वच्छ दिसतंय’ म्हणणाऱ्याला पहिला नंबर मिळाला असता. गेली शंभर वर्षं पिस्तूलवाल्यांत जो वाद चालू आहे तो नेमका हाच: नजर निशाणावर ठेवायची की माशीवर?

या वादाची सुरुवात अमुक एका दिवशी झाली असं नाही, पण त्याला शास्त्राचं रूप मिळालं ते शांघायमध्ये. विल्यम इवार्ट फेअरबेर्न हा इंग्रज. 1885 चा जन्म, आधी रॉयल मरीन्समध्ये, मग 1907 पासून शांघाय म्युनिसिपल पोलिसांत. परकीय सत्तांच्या हातातली ती आंतरराष्ट्रीय वसाहत. तिच्या पोलिसांत इंग्रज, चिनी, जपानी, रशियन आणि आपल्याकडून नेलेले शीख शिपाई. अफू, अपहरण, दरोडे. टोळ्यांकडे माउझर पिस्तुलं सर्रास. आणि पोलिसांचं प्रशिक्षण कसं, तर युरोपातल्या क्लबासारखं. दिवसाउजेडी सरळ उभं राहायचं, एक हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि गोल चकत्यांवर सावकाश गोळ्या टाकायच्या.

फेअरबेर्ननं प्रत्यक्ष चकमकी तपासायला सुरुवात केली. त्याचा जोडीदार एरिक सायक्स हा शस्त्रांच्या व्यापारातला माणूस, पोलिसांत हौसेनं काम करणारा. दोघांनी 1942 मध्ये एका हाताच्या पिस्तुलावर छोटं पुस्तक काढलं. साडेबारा वर्षांत सशस्त्र गुन्हेगारांशी 666 चकमकी, एवढा त्यांच्यापाशी मसाला होता. त्यातून निघालेलं चित्र असं की बहुतेक गोळीबार चार यार्डांच्या आत होतो, बहुधा अपुऱ्या उजेडात होतो, आणि माशी शोधायला कोणाला वेळ मिळत नाही.

त्या पुस्तकातली एक हकिगत मला फार बोलकी वाटते. गुन्हेगारांच्या टोळीच्या शोधात पहाटेपूर्वी पोलिसांनी एका घरावर छापा घातला. अरुंद बोळ, अंधार. नंतर उजेडात त्याच बोळातून परतले तर तोंडाच्या उंचीवर तारा ताणून बांधलेल्या! अंधारात सगळी तुकडी त्यांच्याखालून गेली होती आणि एकालाही त्यांचा पत्ता नव्हता. कारण साधं होतं. धोका वाटल्याबरोबर प्रत्येक जण, कोणी न सांगता, गुडघ्यात वाकून चालत होता. मैदानावर ताठ उभं राहून शिकलेलं अंग मोक्याच्या क्षणी ताठ राहतच नाही. फेअरबेर्ननं त्यावर ठरवलं की भ्यालेलं अंग आपण होऊन जे करतं त्याच्याशी भांडायचं नाही, शिक्षणच त्याच्यावर उभं करायचं.

म्हणून त्यानं चकत्या काढून माणसाच्या आकाराची निशाणं लावली. दोन्ही डोळे उघडे, नजर समोरच्यावर, अंग त्याच्याकडे वळलेलं, पिस्तूल शरीराच्या मध्यरेषेवर. तिथून हात सरळ वर न्यायचा आणि चाप एका बोटानं नाही, सगळी मूठ आवळून दाबायचा. गोळ्या दोन-दोनच्या जोडीनं. उत्तीर्ण व्हायला निम्म्या गोळ्या माणसाच्या आकृतीवर कुठंही लागल्या तरी चालत. त्यानं एक घरही बांधून घेतलं होतं. अंधारे जिने, अचानक उभी राहणारी निशाणं, आवाज, आणि त्यातून एकेका शिपायाला फिरवायचं. आज जगभरच्या पोलीस अकादम्यांत अशी घरं आहेत.

एक गोष्ट मात्र या पद्धतीचे चाहते झपाट्यानं ओलांडून जातात. 30 मे 1925 ला याच शांघाय पोलिसांनी नानजिंग रोडवर चौकीसमोर जमलेल्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. हुकूम इंग्रज इन्स्पेक्टरचा, बंदुका शीख आणि चिनी शिपायांच्या हातात. किमान नऊ माणसं मेली आणि चीनभर वणवा पेटला. तिथं अंतर थोडं होतं, गर्दी दाट होती, नेमाचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर फेअरबेर्नकडे दंगल आवरणाऱ्या राखीव तुकडीचं काम आलं, हा त्याच्या चरित्रातला पिस्तुलापेक्षा महत्त्वाचा भाग आहे, असं माझं मत. पण पुस्तकं खपतात ती पिस्तुलाची.

दुसऱ्या महायुद्धात ही विद्या शांघायहून स्कॉटलंडमधल्या कमांडो प्रशिक्षणात गेली, तिथून फेअरबेर्नबरोबर कॅनडात आणि अमेरिकी गुप्तहेर खात्यात. तिथं त्याला रेक्स अ‍ॅपलगेट नावाचा तरुण अधिकारी भेटला. त्यानं 1943 मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि पद्धत आणखी सोपी केली: कोपर आणि मनगट ताठ धरून हात हापशाच्या दांड्यासारखा खालून वर न्यायचा, डोळ्याच्या पातळीला आला की चाप. अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतला पिस्तूलबाज वाइल्ड बिल हिकॉक याच्या एका पत्रात, बोट दाखवावं तसा हात डोळ्याच्या उंचीला आणून आपण गोळी झाडतो असा खुलासा वाचल्याचं अ‍ॅपलगेट सांगत असे. त्या पत्राचं वजन किती धरायचं ते इतिहासकारांनी ठरवावं. मला त्यातले ‘डोळ्याच्या उंचीला’ एवढे शब्द पुरेत, कारण सगळी गोम तिथं आहे.

आत्ता इथं बसल्या बसल्या करून बघा. सभागृहाच्या भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन बोट दाखवा. हात तसाच ठेवा. आता डावा डोळा मिटा. मग तो उघडून उजवा मिटा. तुमच्यापैकी बहुतेकांना एका डोळ्यानं बोटाचं टोक घड्याळावरच दिसेल आणि दुसऱ्यानं बाजूला सरकलेलं दिसेल. ज्या डोळ्यानं टोक जागेवर दिसलं तो तुमचा प्रबळ डोळा. सुमारे दोनतृतीयांश लोकांत तो उजवा असतो. तुम्ही कुणीही नेम धरला नाही, बोटाकडे पाहिलंही नाही, तरी मेंदूनं बोटाचं टोक डोळा आणि घड्याळ यांना जोडणाऱ्या रेषेवर नेऊन ठेवलं.

तेव्हा ‘माशीविना’ म्हणजे ‘डोळ्याविना’ नव्हे. नळीवरची माशी सोडली तरी डोळा, हात आणि निशाण ही रांग लागतेच. फक्त ती कडेच्या धूसर नजरेनं आणि सांध्यांतल्या जाणिवेनं लागते. डोळे मिटूनही आपलं कोपर किती वाकलंय ते आपल्याला कळतं. ही जाणीव स्नायू, कंडरा आणि सांध्यांतून मेंदूकडे जाते. चार्ल्स शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञानं 1906 च्या सुमारास तिची पद्धतशीर मांडणी केली. ती विश्वासू आहे, पण भोळी आहे. डोळे मिटून हात एका जागी धरून ठेवलात तर थोड्याच वेळात हात कुठं आहे याचा तिचा अंदाज सरकायला लागतो. शिवाय ती हत्याराच्या मुठीवर अवलंबून असते. कोल्ट 1911 ची सवय झालेल्या हातात ग्लॉक दिलं तर नळी किंचित वर बघते, कारण दोन्हींच्या मुठींचा कोन वेगळा. माशीकडे पाहणारा ते लगेच सावरतो. न पाहणाऱ्याला गोळी वर लागल्यावर कळतं.

माशी न बघणाऱ्यांच्या पक्षाचं एक म्हणणं मी डॉक्टर म्हणून तपासून घेतलं. ते म्हणतात, भीतीच्या क्षणी डोळ्याला जवळचं दिसेनासंच होतं, म्हणून माशी बघणं अशक्य. यातलं निम्मं खरं आहे. भीतीनं बाहुली मोठी होते आणि मोठ्या बाहुलीनं एका वेळी स्पष्ट दिसणाऱ्या अंतराची पट्टी अरुंद होते. पण भिंगाचं जवळ बसणं भीतीनं बंद पडतं हे काही पटणारं नाही. भीतीच्या वेळी जागे होणाऱ्या मज्जातंतूंचा भिंगावरचा परिणाम थोडा आणि संथ असतो. खरी अडचण भिंगात नाही, लक्षात आहे. समोर हत्यार दिसलं की नजर तिथं खिळते. न्यायालयीन मानसशास्त्रात हे चांगलं नोंदलेलं आहे: साक्षीदाराला सुरा आठवतो, सुरेवाल्याचा चेहरा आठवत नाही. अशा नजरेला हातभर अंतरावरच्या तीन मिलिमीटरच्या माशीवर ओढून आणायचं म्हणजे हजारो वेळा केलेला सराव लागतो.

तो सराव होऊ शकतो, असं सांगणारा दुसरा पक्ष 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात उभा राहिला. जेफ कूपर हा मरीन कोरचा माजी अधिकारी तिथल्या डोंगरातल्या बिग बेअर गावात पिस्तूल झटकन काढण्याच्या शर्यती भरवायचा. सगळे कमरेवरून गोळ्या झाडत. जॅक वीव्हर नावाच्या शेरीफच्या हाताखालच्या अंमलदारानं मात्र दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्यासमोर आणलं, माशीवर ओझरती नजर टाकली आणि जिंकायला लागला. तो सावकाश होता असं नाही. इतरांच्या गोळ्या लागत नव्हत्या, त्याच्या लागत होत्या. कूपरनं त्यावर आख्खी पद्धत उभी केली, 1976 मध्ये अ‍ॅरिझोनात शाळा काढली, आणि पुढं एफबीआयनंही ती उचलली. याच पक्षाच्या झोळीत एड मॅकगिव्हर्न टाकला पाहिजे. 1932 मध्ये 15 फुटांवर पाच गोळ्या, 0.45 सेकंदात, सगळ्या एका नाण्याएवढ्या जागेत. असा माणूस माशी बघत असेल यावर विश्वास बसत नाही. पण त्याच्याच नावाची, सोनेरी मण्याची माशी रिव्हॉल्व्हरवर बसवून मिळत असे!

मग खरं कोण? मला दोन्ही पक्षांतले कट्टर लोक कंटाळवाणे वाटतात, कारण ते अंतर सांगत नाहीत. हात एक अंशानं चुकला असं धरा. तीन मीटरवर गोळी 5 सेंटिमीटर सरकेल, सात मीटरवर 12, पंचवीस मीटरवर 44. म्हणजे जी चूक बोळकांडीत माफ होते तीच मैदानाच्या टोकाला माणसाच्या शेजारून निघून जाते, आणि शेजारी कोण उभं आहे हे कुणी पाहिलेलं नसतं.

न्यूयॉर्क पोलिसांनी 1970 च्या आसपास आपल्या गोळीबारांची छाननी केली तेव्हा सत्तर टक्के प्रसंगांत माशी वापरलीच गेली नव्हती, असं दिसलं. एवढा आकडा शांघायवाले मोठ्यानं वाचतात. त्याच खात्यासाठी रँड संस्थेनं 2008 मध्ये दिलेल्या अहवालात 1998 ते 2006 मधली लागलेल्या गोळ्यांची सरासरी आहे: समोरून गोळ्या येत असताना 18 टक्के, येत नसताना 30 टक्के. हा आकडा ते पुटपुटतात. राहिलेल्या गोळ्या भिंतीत, मोटारीत, कधी रस्त्यानं चाललेल्या माणसात. माशी न वापरता गोळी झाडली जाते हे सिद्ध झालं म्हणजे तशीच झाडावी हे सिद्ध होत नाही.

आणि नेमाच्या पलीकडचा एक प्रसंग. 4 फेब्रुवारी 1999, ब्राँक्स. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी अमादू डियालो या तरुणावर त्याच्या घराच्या दारात 41 गोळ्या झाडल्या, त्यातल्या 19 लागल्या. अंतर काही फुटांचं. त्याच्या हातात पाकीट होतं. चौघेही पुढं न्यायालयात निर्दोष सुटले. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून या खटल्यात मला माशीपेक्षा पाकीट छळतं. अपुऱ्या उजेडात डोळा काळी आयताकृती वस्तू पाहतो. तिला पिस्तूल ठरवतो तो मेंदू, आणि भ्यालेला मेंदू ते आधी ठरवून मोकळा होतो. नजर निशाणावर ठेवा म्हणणाऱ्या पद्धतीचा एक फायदा इथं कबूल केला पाहिजे. जो माशीकडे बघतोय त्याला समोरच्याचा हात धूसर दिसतो. जो समोर बघतोय त्याला निदान पाकीट ओळखायची संधी असते. अर्थात अंगठ्याखाली चाप नसतो, तर्जनीखाली असतो, आणि तर्जनी संधीची वाट पाहीलच असं नाही.

खेळाकडे वळलं की मन मोकळं होतं. इथं कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव घ्यायला हवं. 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात तिनं 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, आणि 2018 मध्ये जाकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत बरोबरीनंतरच्या जादा फेरीत पुन्हा सुवर्ण. तिच्या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात निशाण तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद लपतं. दर वेळी हात 45 अंशांपर्यंत खाली. निशाण आलं की हात वर, एक गोळी, पुन्हा खाली. तीन सेकंदांत हात उचलायचा, थांबवायचा, माशी खाचेत बघायची आणि चाप दाबायचा. हात आपण होऊन जवळजवळ योग्य जागी आला नाही तर माशी बघून सावरायला वेळच उरत नाही.

म्हणून नेमबाज एक सराव करतात. रिकामं पिस्तूल धरून उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात उचलायचा, मग डोळे उघडून बघायचं की माशी कुठं आली. डावीकडे आली तर मनगट वळवून सावरायचं नाही. पाऊल सरकवायचं आणि पुन्हा डोळे मिटायचे. माशी मधोमध येईपर्यंत उभं राहण्याची ढब बदलत राहायची. कोऱ्या कागदासमोर, निशाणच नसताना, असा सराव तासन् तास चालतो. शांघायच्या बोळकांडीतल्या शिपायाला जे जेमतेम शिकवलं जायचं तेच हे, फक्त वर्षानुवर्षं तासून घेतलेलं आणि शेवटी माशीनं तपासलेलं.

अलीकडे पिस्तुलावर छोटी काच बसवतात. तिच्यात लाल ठिपका दिसतो. तो डोळ्याला लांबच्या निशाणाच्याच अंतरावर असल्यासारखा भासतो, त्यामुळे नजर निशाणावरच ठेवून नेम साधतो. माझ्या पन्नाशीतल्या रुग्णांना हा मोठा दिलासा. बुबुळाचा आकार वाकडा असेल तर ठिपका गोल न दिसता फाटलेला दिसतो, तेव्हा आधी नंबर तपासून घ्या.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सिनेमात कमरेवरून गोळी झाडतात आणि ती बरोबर लागते, हे खरं का?’

कमरेवर हात असला की मघाशी घड्याळाकडे बोट दाखवताना जी रांग लागली ती लागत नाही. डोळा वर, नळी खाली. उरतो तो फक्त सांध्यांचा अंदाज. फेअरबेर्ननं ही पद्धत ठेवली होती, पण समोरचा अगदी अंगाशी आल्यावर, हात लांब केला तर तो पिस्तूलच धरेल अशा वेळेपुरती. अमेरिकेच्या सीमा पोलिसांतला बिल जॉर्डन प्रात्यक्षिकांत कमरेवरून अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या उडवायचा, हे खरं आहे. त्याच्या नोकरीची आणि सरावाची वर्षं मोजलीत तर सिनेमातल्या नायकाला तेवढं आयुष्यच मिळालेलं नसतं. दुसरी चिठ्ठी चष्म्याच्या नंबराबद्दल आहे. त्यांनी उद्या दवाखान्यात यावं.